फूड प्रोसेसर: साडेतीन वर्षं वापरून, आधी शिव्या घालून, मग समजून घेऊन

रिव्ह्यू टाकायला साडेतीन वर्षं उशीर झाला, पण बरंच झालं म्हणायचं, कारण पहिल्या सहा महिन्यांत लिहिला असता तर एकच स्टार दिला असता आणि खाली चार ओळी नुसत्या वैतागाच्या. मशीन मधल्या रेंजमधलं आहे, ८०० वॅट, ३ लिटरचा प्लास्टिकचा बाऊल, एक स्टीलचं एस आकाराचं पातं, एक पीठ मळायचं बोथट पातं आणि काप करायला नि किसायला दोन डिस्क. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की लोक फक्त "हे घ्यायचं की ते" एवढंच विचारतात, आणि मला जे सांगायचंय ते जवळजवळ प्रत्येक फूड प्रोसेसरला लागू आहे. ते असं की याच्या दहा तक्रारींपैकी सात-आठ दोनच ठिकाणाहून निघतात, एक म्हणजे झाकणाचं लॉक आणि दुसरं म्हणजे आपण आत किती माल कोंबतो ते. उरलेल्या दोन-तीन खरोखर मशीनच्या. त्याही सांगतो, काळजी नको.

आधी बंद पडल्याची गोष्ट. घेऊन आठ महिने झाले होते, घरी आठ माणसं जेवायला येणार होती, दोन किलो कांदा सोलून ठेवलेला, बाऊल बसवला, झाकण लावलं, खटका फिरवला आणि काहीच नाही. आवाज नाही, वास नाही, लाईट नाही, मेल्यासारखं. प्लग बदलून बघितला, दुसऱ्या बोर्डाला लावून बघितला, एकदा वरून थोपटूनही बघितलं (सगळेच करतात, मान्य करा), आणि शेवटी सुरी घेऊन बसलो. दोन किलो कांदा हाताने. दुसऱ्या दिवशी रिपेअरवाल्याकडे घेऊन गेलो तर त्याने मशीनकडे बघितलंसुद्धा नाही, बाऊल मागितला, त्याची मूठ उजेडात धरली आणि मला दाखवली. मुठीच्या आतून एक बारीक प्लास्टिकची दांडी उभी जाते, तिच्याखाली छोटी स्प्रिंग असते, आणि त्या दांडीच्या आजूबाजूला पीठ घट्ट वाळून बसलं होतं, भिंतीला सिमेंट लागतं तसं. म्हणाला, मशीन ठीक आहे, बाऊल धूत नाही का तुम्ही? आता बाऊल आम्ही रोज धुतो, पण मुठीच्या आत कोण धुतं!

तर ही भानगड नीट समजून घ्या, कारण "अचानक बंद पडलं" या तक्रारीचं सगळ्यात कॉमन कारण हेच आहे. झाकण पूर्ण फिरवलं की झाकणाची एक जीभ मुठीच्या वरच्या खाचेत शिरते, ती जीभ दांडीला खाली ढकलते, दांडीचं खालचं टोक मशीनच्या बुडातल्या एका छोट्या स्विचवर दाब देतं आणि तेव्हाच मोटरला करंट मिळतो. बाऊल जरा वाकडा बसला असेल, झाकण क्लिक व्हायच्या दोन मिलिमीटर आधी थांबलं असेल किंवा दांडी अडकली असेल तर मशीन मेलेलंच वाटणार. काही मोठ्या तोंडाच्या मशीनमध्ये वरचा दट्ट्यासुद्धा (झाकणावरच्या नळीतून माल खाली ढकलायचा तो) या लॉकचा भाग असतो, तो एका रेषेपर्यंत आत गेल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही, आणि लोक तोंड काठोकाठ भरून दट्ट्या वर तरंगत ठेवतात आणि मग कस्टमर केअरला फोन लावतात.

माझा क्रम आता ठरलेला आहे. आधी बाऊल काढून परत बसवायचा, मग झाकण, मग दट्ट्या, मग मुठीतली दांडी बोटाने किंवा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबून बघायची, खाली जाऊन आपणहून वर आली पाहिजे. नाही आली तर बाऊल कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास मूठ बुडेल असा ठेवायचा आणि दांडी वीस-पंचवीस वेळा दाबायची, घाण पांढऱ्या पाण्यासारखी बाहेर येते, बघून किळस येते पण समाधानही वाटतं. मग उलटा करून पूर्ण वाळू द्यायचा, कारण मुठीत राहिलेलं पाणी नेमकं त्या स्विचवरच टपकतं. एवढं करूनही चालू झालं नाही तर मग बुडातला स्विच गेला असेल, तो रिपेअरवाल्याने बदलायचा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, काही जण टूथपिक किंवा काडी घालून तो स्विच कायमचा दाबून ठेवतात, म्हणजे झाकण नसलं तरी मशीन चालतं. नका करू. आत पातं किती धारेचं असतं ते ज्याचं बोट कापलंय त्याला विचारा.

गंमत म्हणजे हे झाकणाचं प्रकरण या मशीनच्या जन्मापासूनच आहे. फूड प्रोसेसर मुळात हॉटेलांच्या किचनसाठी होता, फ्रान्समधल्या पिएर व्हर्दाँ नावाच्या माणसाने हॉटेलवाल्यांचा चिराचिरीत जाणारा वेळ बघून तो बनवला, मग १९७१ मध्ये घरगुती मॅजिमिक्स आला आणि १९७३ मध्ये कार्ल सॉन्थायमरने तोच कुझिनार्ट म्हणून अमेरिकेत नेला. सुरुवातीच्या त्या मशीनना वेगळा खटकाच नव्हता, झाकण फिरवलं की चालू, उलट फिरवलं की बंद. म्हणजे पन्नास वर्षं होऊन गेली आणि आपण अजून झाकणाशीच झटतोय.

आता दुसरी बंद पडण्याची तऱ्हा. मशीन चालता चालता बंद पडलं आणि बूड हाताला चांगलंच गरम लागतंय, तर लॉकचा काही संबंध नाही, मोटर तापली म्हणून तिला वाचवायला आत बसवलेल्या ओव्हरलोड स्विचने करंट तोडलाय. माझ्या मशीनला बुडाखाली एक लाल बटण आहे, ते बाहेर उडी मारून येतं, थंड झालं की दाबायचं. बऱ्याच मशीनना बटण नसतं, ती थंड झाली की आपणहून सुरू होतात, त्याला अर्धा तास लागतो, कधी जास्त. या वेळात प्लग काढून ठेवायचा आणि खटका शून्यावर आणायचा, नाहीतर तुम्ही पात्याशी हात घालून बसलेले असाल आणि ते अचानक जागं होईल. दर दोन मिनिटांनी "झालं का बघू" म्हणून खटका फिरवत बसू नका, मी हे केलंय, काही उपयोग होत नाही.

बुडाच्या लेबलवर एक बारीक ओळ असते जी कोणी वाचत नाही. सलग किती मिनिटं चालवायचं आणि नंतर किती वेळ थांबायचं ते तिथे लिहिलेलं असतं, काही लेबलांवर नुसतं केबी (KB) आणि पुढे मिनिटांचा आकडा असतो, केबी म्हणजे जर्मनमधलं कुर्त्सझाइटबेट्रीब, थोडक्यात "थोडाच वेळ चालवा". ती ओळ वाचल्यावर माझे निम्मे प्रश्न सुटले. दाण्यांचं बटर करताना मशीन हमखास बंद पडायचं, कारण त्याला सहज आठ-दहा मिनिटं लागतात, आधी रवाळ होतं, मग ओलसर गोळा होऊन भिंतीला चिकटतं, तिथे माणूस हताश होतो, आणि मग कधीतरी तेल सुटून एकदम सैल होतं. हे सलग करायचंच नाही. एक-दीड मिनिट चालवा, कडा खरवडा, चार-पाच मिनिटं दुसरं काम करा, परत चालवा. बटर तेवढंच चांगलं होतं, मोटर वाचते.

वॅटवरून घेणाऱ्यांसाठी जाता जाता, वॅट म्हणजे मशीन किती वीज ओढतं, पात्याला किती जोर मिळतो ते नाही. कमी वॅटची पण जड बुडाची मशीन पीठ आरामात मळतात आणि जास्त वॅटची हलकी मशीन ओटाभर नाचतात, दोन्ही बघितलीत. दुकानात गेलात तर बूड एकदा उचलून बघा, आकडे नंतर वाचा.

वास येणं ही वेगळी गोष्ट. नवीन मशीनला पहिल्या दोन-चार वेळा किंचित गरम प्लास्टिकसारखा वास येतो, तो जातो. रबर जळल्यासारखा वास आणि पातं अडखळतंय असं असेल तर बेल्टवाल्या मशीनमध्ये (ज्यात मोटर पट्ट्याने पातं फिरवते) बेल्ट घसरत असतो. आणि वार्निश जळल्यासारखा तिखट वास आला, धूर दिसला तर लगेच प्लग काढा, तिथे घरगुती उपाय नाही. मोटरच्या फटीतून आत बारीक ठिणग्या दिसतात म्हणून लोक घाबरतात, पण यातल्या बहुतेक मोटरमध्ये कार्बनचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासून करंट देणारे छोटे तुकडे, असतात आणि थोड्या ठिणग्या तिथे नेहमीच उडतात. ठिणग्या वाढल्या, मशीन मध्येच अडकून परत सुरू व्हायला लागलं तर ब्रश झिजलेत. स्वस्तात बदलून मिळतात आणि रिपेअरवाला "मोटर गेली" म्हणाला तर आधी ब्रश बघितलेत का ते विचारा, प्रश्न ऐकूनच त्याचा सूर बदलतो कधीकधी.

आता कांदा. निम्म्या एक-स्टारवाल्यांचं म्हणणं एकच, "कांदा चिरत नाही, लगदा करतो". माझंही हेच म्हणणं होतं. पण दोष बोटाचा आहे, बोट खटक्यावरून उचललं जात नाही. पातं मिनिटाला हजार-दीड हजार फेरे सहज मारतं, म्हणजे तुम्ही "एक-दोन-तीन" म्हणेपर्यंत प्रत्येक तुकड्याला पन्नासेक वेळा धार लागून गेली. खालचे तुकडे पात्यात सापडून पाणी होतात आणि वरचे अर्धे कांदे तसेच फिरत राहतात, आणि आपण वरचे बघून अजून चालवतो. कांदा आधी चार किंवा आठ फोडी करून घ्या, सगळ्या साधारण सारख्या, बाऊल अर्ध्याच्या वर भरायचा नाही, आणि पल्स. पल्स म्हणजे एक सेकंद दाबायचं, सोडायचं आणि पातं पूर्ण थांबू द्यायचं, हे थांबणं महत्त्वाचं, कारण ते थांबलं की वरचे तुकडे खाली पडतात. पाच-सहा पल्सनंतर झाकण उघडून कडा खरवडायच्या, मग अजून दोन-तीन. आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "अरे एवढ्या वेळात मी हाताने चिरला असता", आणि एका कांद्यासाठी तिचं बरोबरच आहे. एका कांद्यासाठी हे मशीन काढायचंच नाही. दहा कांद्यांसाठी काढा, आणि दहाही एकदम घालू नका, तीन घाण्यात करा.

ओल्या गोष्टींचं पण तेच. कोथिंबीर किंवा पालक धुऊन तसाच ओला टाकला की काळपट चिखल होतो, फडक्याने कोरडा करून टाकला की सुटा चिरला जातो. टोमॅटोचं मला अजून जमलेलं नाही, फोडी हव्या असतील तर सुरीच बरी, प्युरी हवी असेल तर मशीन.

उलट तक्रारही असते, की थोडा माल घातला तर पातं वरून फिरत राहतं आणि चार लसूण पाकळ्या तशाच खाली लोळतात. ३ लिटरच्या बाऊलमध्ये चार पाकळ्या म्हणजे मोठ्या हौदात दोन मासे, पातं आणि तळ यांच्यात थोडी फट असतेच. लसूण-आलं करायचं असेल तर मशीन आधी चालू करा आणि मग वरच्या नळीतून पाकळ्या फिरत्या पात्यावर टाका. त्या उडतात, भिंतीला आपटतात, परत पात्यात येतात आणि छान बारीक होतात. हे मला दोन वर्षांनी कळलं. सोबत छोटा बाऊल आला असेल तर प्रश्नच मिटला, माझ्याबरोबर आला नव्हता, याचा अर्धा स्टार कापला आहे.

गळती. सूप करायला घेतलं आणि बाऊलखालून ओटाभर लाल ओघळ, ते थेट मोटरच्या दांड्यापर्यंत. मला वाटलं बाऊलला चीर गेली. चीर नव्हती, बाऊलच्या मधोमध जी उभी नळी असते ना, जिच्यातून मोटरचा दांडा वर येतो, तिची उंची हीच पातळ पदार्थाची खरी मर्यादा, त्यावर पातळ गेलं की ते नळीतून खाली उतरणारच, यात बिघाड काही नाही. शिवाय पातं फिरायला लागलं की पातळ पदार्थ भिंतीकडे चढतो, म्हणून खूण त्याहूनही खाली असते. बाऊलवर दोन रेषा असतात, एक कोरड्याची आणि एक पातळाची, आणि पातळाची साधारण निम्म्यावर येते. म्हणजे खोक्यावर ३ लिटर लिहिलेलं असलं तरी सूप जेमतेम दीड लिटर. हे खोक्यावर का लिहीत नाहीत ते कंपन्यांनाच माहीत. गरमागरम तर अजिबात घालू नका, वाफेने झाकण सैल होतं आणि उकळतं सूप झाकणाच्या नळीतून वर उडतं. भाज्या गाळून घ्या, पाणी बाजूला ठेवा, फक्त भाज्या थोड्या निववून फिरवा आणि पाणी नंतर पातेल्यात मिसळा, पोतही जास्त चांगला येतो.

पीठ मळणं हा माझा आवडता आणि मशीनचा नावडता विषय. इथे मी मशीन दोनदा तापवून बंद पाडलंय. सगळे काय करतात, पीठ आणि पाणी एकदम घालतात आणि बटण दाबतात, तळाशी घट्ट गोळा होतो, वर कोरडं पीठ राहतं, पातं अडतं, मोटर घुमते, मशीन ओट्यावर चालायला लागतं. आधी फक्त पीठ, मीठ आणि तेल घालून दोन पल्स द्या, मग मशीन चालू ठेवून पाणी वरच्या नळीतून बारीक धारेने सोडा. पाणी गार घ्या, कारण पातं फिरून पीठ आपोआप तापतं. तीस-चाळीस सेकंदांत एक क्षण येतो की सगळं पीठ भिंती सोडून एकाच गोळ्यात जमा होतं आणि आवाज बदलतो, आधी खरखर असते ती एकदम धपधप होते. तिथे पाणी थांबवायचं. त्यानंतर अजून अर्धा-पाऊण मिनिट फार झालं, त्याच्यापुढे गोळा तापतो, चिकट होतो आणि पात्याच्या नळीत घुसून बसतो. मॅन्युअलमध्ये पिठाची मर्यादा दिलेली असते, माझ्या मशीनची ६०० ग्रॅम आहे, पण घट्ट पीठ असेल तर मी ४०० च्या वर जात नाही. मॅन्युअलमधला आकडा बहुतेक सैल पिठावर काढलेला असावा अशी माझी शंका आहे. आणि पिझ्झाच्या पिठासाठी मोठ्या हौसेने जे बोथट प्लास्टिकचं पातं देतात ते मी आता वापरत नाही, स्टीलच्या पात्याने जास्त लवकर होतं, हे ऐकून काही जण भांडतील.

मळून झाल्यावर पातं निघत नाही, ही याचीच पुढची तक्रार. पीठ पात्याच्या मधल्या नळीत शिरून वाळलं की पातं दांड्याला असं घट्ट बसतं की बायकोने एकदा चिमटा घेऊन ओढायला सुरुवात केली होती. ओढू नका, स्क्रूड्रायव्हरने उचकटू तर नकाच, खालचं प्लास्टिक तुटतं आणि मग खरंच नवीन पातं लागतं. बाऊलच मशीनवरून पात्यासकट उचलला जात असेल तर उचला आणि सिंकमध्ये कोमट पाणी भरून ठेवा. दांड्यालाच अडकलं असेल तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं त्या नळीभोवती दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, पाणी मोटरमध्ये जाणार नाही एवढं पिळून, मग डावी-उजवी हलवत वर काढा. आता मी पीठ काढल्या काढल्या पातं काढतो, जेवण झाल्यावर नाही.

डिस्कबद्दल. "काकडीचे काप तिरके येतात" याचं कारण नळीत काकडी एकटी उभी असते आणि डिस्कचा धक्का लागला की कलंडते. नळी भरून टाका, दोन काकड्या किंवा काकडीला टेकू म्हणून गाजर, म्हणजे कोणी हलत नाही. दाब जेवढा जास्त तेवढे काप जाड, गाजराला थोडा जोर लावावा लागतो, टोमॅटोला हात नुसता ठेवायचा. शेवटी डिस्कवर एक चपटा तुकडा गोल फिरत राहतो तो कापला जात नाही, कधीच जाणार नाही, तो खाऊन टाका. माझ्या घरी त्या तुकड्यासाठी मुलं उभी असतात. चीज किसताना गोळा होऊन डिस्कला लिंपतं ते गार नसल्यामुळे, मऊ चीज अर्धा तास फ्रीझरमध्ये टाकून मग किसा. उलट अगदी दगडासारखं जुनं चीज, ज्यात सुरीचं टोकही शिरत नाही, ते घालूच नका, डिस्क वाकते. आणि डिस्कची उंची लक्षात घ्या, खाली किस साठत साठत डिस्कला टेकला की वरचं काही खाली जात नाही आणि दांडा कुरकुरायला लागतो, आपल्याला वाटतं धार गेली. मध्येच बाऊल रिकामा करा, बस.

एक छोटी गोष्ट जी मला माहीतच नव्हती. दट्ट्याच्या तळाला एक बारीक भोक आहे. मी दीड वर्षं ते मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट समजत होतो, एकदा तर त्याच्यावर टेप लावली होती! ते भोक मेयोनीजसाठी आहे. दट्ट्या नळीत बसवून त्याच्यात तेल ओतायचं, ते भोकातून आपोआप थेंब थेंब, बारीक धारेने खाली पडतं, आणि मेयोनीज फाटायचं कारण तेल एकदम पडणं हेच असतं. टेप काढल्यावर पहिल्याच वेळी जमलं.

धार. घरी घासून पात्याला धार लावायच्या फंदात पडू नका, बऱ्याच पात्यांना बारीक दाते असतात, ते घासले की संपलं, शिवाय दोन्ही पंखांचं वजन कमी-जास्त झालं की मशीन थरथरतं. नवीन पातं मागवायचं. धार लवकर जायची कारणं म्हणजे बर्फ, कडक मसाले, कॉफीच्या बिया, सुकं धान्य. यातलं काहीही या मशीनचं काम नाही, बाऊलही आतून ओरखड्यांनी पांढरा होतो. आणि पातं जुनं झालं असेल तर महिन्यातून एकदा उजेडात धरून रिवेटपाशी, म्हणजे पातं जिथे ठोकून जोडलेलं असतं तिथे, तडा गेलाय का बघत जा. मी हे उगाच घाबरवायला सांगत नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत कुझिनार्टच्या सुमारे ८० लाख फूड प्रोसेसरची चार रिवेटवाली पाती परत मागवली होती, कारण कालांतराने पात्याला तडा जाऊन बारीक तुकडे अन्नात पडत होते. एवढ्या नावाजलेल्या कंपनीचं होऊ शकतं तर आपलं पातं बघायला दहा सेकंद लागतात.

धुणं. पातं साबणाच्या फेसाच्या पाण्यात कधीही टाकून ठेवायचं नाही, दिसत नाही आणि पुढचा हात घालणारा कापून घेतो, आमच्याकडे एक टाका पडलाय. काम झालं की बाऊलमध्ये निम्म्याहून कमी कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब टाकून चार पल्स दिले की ऐंशी टक्के धुऊन निघतो. गाजराने बाऊल नारिंगी होतो तो घासून जात नाही, कारण तो रंग पाण्यात विरघळतच नाही, तेलात विरघळतो. फडक्यावर थोडं खायचं तेल घेऊन पुसा आणि मग साबणाने धुवा. बाऊल दूधट, धुरकट होत चालला असेल तर डिशवॉशरमधलं गरम पाणी आणि घासणी ही दोन कारणं, ते परत काचेसारखं होत नाही, पण कामाला काही बिघडत नाही. झाकणाच्या कडेला रबराची रिंग असेल तर ती काढून धुवा, माझ्या झाकणाला येणारा कुबट वास तिच्याखालून येत होता आणि मी तीन आठवडे बेकिंग सोडा बाऊलला चोळत होतो.

आवाज. मोठा आहे, यावर उपाय नाही, एक स्टार तिथेच गेला. पण आवाज बदलला तर लक्ष द्या. मोटर मजेत घुमतेय आणि पातं फिरतच नाही किंवा मध्येच टकटक करत निसटतंय, तर दांडा आणि पातं जिथे एकमेकांत अडकतात तिथलं प्लास्टिक झिजलंय. पातं काढून आतल्या खाचा बघा, गोल गुळगुळीत झाल्या असतील तर पातं बदलावं लागेल, मोटर नाही. माझं हेच झालं गेल्या वर्षी. मशीन ओट्यावर चालत असेल तर आधी पायांखालची रबरं ओल्या फडक्याने पुसून बघा, पिठाची भुकटी बसली की त्यांची पकड जाते. पुसूनही चालत असेल तर आत माल जास्त आहे, परत तेच.

तर पाचपैकी साडेतीन. सुटं पातं मागवलं तर महिनाभर वाट बघावी लागली, छोटा बाऊल नाही, आवाज प्रचंड, आणि मॅन्युअलमध्ये त्या मुठीतल्या दांडीबद्दल एक ओळसुद्धा नाही, फक्त शेवटच्या पानावर "मशीन सुरू होत नसल्यास सर्व्हिस सेंटरला संपर्क करा". आई अजून एका कांद्यासाठी सुरीच घेते. पण परवा आठ जणांचं जेवण होतं तेव्हा तिनेच सकाळी बाऊलची मूठ उजेडात धरली, दांडी बोटाने दोनदा दाबली, आणि म्हणाली, "चालतंय, कांदा आण".